मे महिन्याचं पुस्तक पोटावर पालथं पडलेलं बरं

या वेळचं पत्र डोंबिवलीहून आलंय, थोडं कापून देते:

"ताई, मी ४३ वर्षांची, बँकेत नोकरी. लहानपणी मे महिन्यात मी रोज पुस्तक बदलून आणायचे, वाचनालयातले काका ओरडायचे की सकाळी नेलेलं संध्याकाळी परत आणलंस तर वाचलंस कधी. आता तीन वर्षांत एकही पुस्तक धड संपवलेलं नाही. प्रदर्शनातून हौसेने आणलेली साडेसातशे पानांची कादंबरी उशाशी आहे, त्यात पान ६१ वर बसचं तिकीट खुपसलंय ते तिथेच आहे. ऑफिसच्या ग्रुपवर ५२ आठवडे ५२ पुस्तकं असं काहीतरी चालू आहे आणि लोक रोज फोटो टाकतात. मे मध्ये आम्ही बारा दिवस देवरूखजवळ सासरच्या गावी जातोय, आमच्या गाडीने. मी, मिस्टर, आठवीत गेलेला मुलगा आणि सासूबाई, त्या ७४ च्या आहेत, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, बारीक अक्षर वाचवत नाही. तिथे रेंज येत नाही. सोपी, मजा येईल अशी पुस्तकं सुचवा ना, पण नुसतं हलकंफुलकंच वाचतेय असं माझं मलाच वाटायला नको. मुलगा मोबाईल सोडून काही वाचेल का? आणि येताना मिस्टर म्हणतात महाबळेश्वरवरून येऊ, तर ते पुस्तकांचं गाव बघण्यासारखं आहे का? मला अगं-तुगं केलंत तरी चालेल."

अगं-तुगं करायला सांगितलंस ते बरं केलंस, कारण मला आधी तुला थोडं रागवायचंय. "नुसतं हलकंफुलकं" म्हणजे काय गं? मी बावीस वर्षं एका वाचनालयाच्या देवघेव काउंटरवर बसले, आणि एप्रिलच्या शेवटी बायका पुस्तक हातात घेऊन काउंटरपाशी येऊन हळूच म्हणायच्या, "काही नाही, टाइमपास म्हणून नेतेय हं." जसं काही मी वजनकाटा घेऊन बसलेय. पुरुष तर अजून भारी, रहस्यकथा न्यायची असली की वर एक वैचारिक पुस्तक ठेवायचे, केमिस्टकडे कसं करतात तसं. आणि पंधरा दिवसांनी दोन्ही परत यायची तेव्हा रहस्यकथेच्या पानांना आंब्याच्या रसाची बोटं लागलेली असायची आणि वैचारिकवालं अगदी कोरं करकरीत. आता तूच सांग त्यातलं वाचलं गेलं कुठलं.

तर पहिली गोष्ट, ती उशाशी असलेली कादंबरी गावाला न्यायची नाही. ती वाईट आहे असं नाही म्हणत, पण साडेसातशे पानांचं पुस्तक झोपून वाचताना हातातून सुटलं की नाकावर पडतं, मी पडून घेतलंय. ती श्रावणात काढ, पाऊस असतो, बाहेर जाता येत नाही, तेव्हा जमेल. तिकीट राहू दे आत.

मे महिन्याच्या दुपारी माणूस कसा वाचतो ते आठव जरा. जेवण झालेलं असतं, त्यात आमरस असतो, ओटीवर किंवा पडवीत चटई टाकलेली असते, वारा असला तर असतो नसला तर नसतो, आणि तीन पानं झाली की डोळे मिटतात आणि पुस्तक उघडंच पोटावर पालथं पडतं. अर्ध्या तासाने कुणीतरी चहाला हाक मारतं आणि आपण कुठे होतो तेच आठवत नाही. तर या दिवसांत पुस्तक असं पाहिजे की ज्याला ही झोप चालते. मागची दहा पानं विसरलीस तरी पुढचं कळलं पाहिजे, नाहीतर कुठलंही पान उघडून सुरुवात करता आली पाहिजे. ज्यात सतरा पात्रं आणि तीन पिढ्या आहेत आणि कोण कुणाचा काका हे लक्षात ठेवावं लागतं ते पुस्तक झोपेतून उठल्यावर परत पहिल्यापासून वाचावं लागतं, आणि मग आपण ते ठेवून देतो आणि आपल्याला वाटतं की आपलंच डोकं गेलंय. डोकं ठीक आहे तुझं. बँकेत दिवसभर आकडे बघणाऱ्या बाईला रात्री अकराला वंशावळ पाठ करायला लावली तर ती झोपणारच.

मी तुझ्यासाठी पहिलं काढून ठेवेन ते व्यंकटेश माडगूळकरांचं 'माणदेशी माणसं'. १९४९ चं पुस्तक आहे, म्हणजे तुझ्या सासूबाईंपेक्षाही जुनं. एकेका माणसाची ओळख, धर्मा रामोशी, झेल्या, रामा मैलकुली, एक माणूस म्हणजे मोजकी पानं, चहाला हाक यायच्या आत संपतो. आणि भाषा इतकी सोपी की लहान मूलही वाचेल, शब्दाला अडखळायला होत नाही, पण संपल्यावर तू दोन मिनिटं नुसती छताकडे बघत पडशील. मला नेहमी वाटतं सोपं आणि हलकं यात आपण फार गोंधळ करतो. माडगूळकर सोपे आहेत, हलके मुळीच नाहीत. तुझ्या त्या "माझं मलाच वाटायला नको" वर हे औषध आहे.

ते जमलं, गोडी लागली, तर त्यांचंच 'बनगरवाडी' घे, १९५५ ची कादंबरी, पण सडपातळ. धनगरांच्या वाडीवर एक तरुण मास्तर शाळा चालवायला जातो, सौंदणीकर मास्तर, आणि हळूहळू वाडी त्याला आपला म्हणते. शेवटाकडे दुष्काळ येतो आणि वाडी उठते. मी पहिल्यांदा वाचलं ते मे महिन्यातच, माझ्या मावशीकडे, बाहेर ऊन असं की अंगणात नजर ठरत नव्हती, आणि पुस्तकात पण पाणी नाही. उठून दोन तांबे पाणी प्यायले होते. सावलीत बसून उन्हाचं पुस्तक वाचायची मजा वेगळीच असते, तुला कोकणात विहिरीचं पाणी असताना तर जास्तच.

दुसरं, प्रकाश नारायण संतांचा लंपन. माहीत असेल कदाचित, नसेल तर तुझा हेवा वाटतो मला कारण तुला पहिल्यांदा वाचायला मिळणार. चार पुस्तकं आहेत, वनवास, शारदा संगीत, पंखा, झुंबर. तिकडे बेळगावकडच्या बाजूला आजी-आजोबांकडे राहणारा मुलगा, जो प्रत्येक गोष्टीला मॅड म्हणतो आणि उगीचच मोठेमोठे आकडे फेकतो, आणि त्याची ती सुमी. तू चारही नेऊ नकोस, 'वनवास' ने. कथाच आहेत, एकेक सुटी वाचता येते. फक्त एक सांगते, लंपन वाचताना आपली आजी फार आठवते, सासूबाईंसमोर डोळे पुसायची वेळ आली तर धूळ गेली म्हणायचं.

पुलंचं नाव घेतलं नाही तर मला पुढच्या आठवड्यात चाळीस पत्रं येतील, त्यामुळे घेते. पण खरंच, वाचन सुटलेल्या माणसाला परत आणायला 'बटाट्याची चाळ' सारखं पुस्तक नाही, कारण तू ते बहुतेक आधी वाचलेलं किंवा ऐकलेलं असणार. आपल्याला वाटतं वाचलेलं काय परत वाचायचं. पण तीन वर्षांनी पोहायला उतरताना कुणी डायरेक्ट खोल पाण्यात उडी मारतं का? ओळखीच्या पाण्यात आधी पाय सोडायचे. त्यातलं 'उपास' काढ, आमरसाच्या दिवसांत वजन कमी करणाऱ्या माणसाचं वाचायला जे बरं वाटतं त्याला तोड नाही.

आता सासूबाई. आणि इथे मला वाटतं तुझ्या बारा दिवसांतली खरी मजा आहे, तुझ्या लक्षात आलं नाहीये अजून. त्यांना वाचवत नाही ना, मग तू मोठ्याने वाच. रात्री जेवणं झाली की एक कथा, वीस मिनिटं, पोरगं आपोआप तिथेच लोळत असेल कारण रेंज नाही, जाणार कुठे. यासाठी द. मा. मिरासदारांचं कुठलंही घे. भोकरवाडीच्या गोष्टी मिळाल्या तर सोन्याहून पिवळं, बाबू पैलवान, नाना चेंगट, गणा मास्तर अशी सगळी रिकामटेकडी मंडळी. मिरासदार, शंकर पाटील आणि व्यंकटेश माडगूळकर हे तिघं गावोगाव जाऊन स्टेजवर कथा सांगायचे, त्यामुळे त्या गोष्टी तोंडाने सांगायच्याच आहेत, वाचताना वाक्य कुठे तोडायचं ते आपोआप कळतं. सासूबाईंनी कदाचित कधीतरी समोर बसून ऐकलेलं पण असेल, विचार. 'भुताचा जन्म' म्हणून एक मिरासदारांचीच कथा आहे, ती ज्या पुस्तकात असेल ते नक्की घे, रात्री कौलांवर काहीतरी वाजत असताना वाचायची.

खरं भीतीचं मात्र नको हं. मी बारावीच्या सुट्टीत मामाकडे नारायण धारप वाचले होते, कंदिलात, आणि मामाचं संडास घरामागे नारळांच्या पलीकडे. पुढचं सांगत नाही. तुझ्याकडे आतच असेल आता, तरी पण.

आणि सासूबाईंसाठी दुपारचं म्हणून लक्ष्मीबाई टिळकांचं 'स्मृतिचित्रे'. १९३४ पासून भागाभागाने आलेलं पुस्तक आहे, लोक नाव ऐकून घाबरतात, अभ्यासाला असतं म्हणून. अगं पण ती बाई बोलते, लिहीतच नाही. वडिलांना सोवळ्याचं वेड, नवरा एवढा मोठा कवी पण हातात पैसा टिकेल तर शपथ, न सांगता उठून कुठेतरी निघून जायचा, मग त्याचं धर्मांतर, ताटातूट, एवढं सगळं भोगून ती सांगते कसं तर शेजारीण कट्ट्यावर बसून सांगते तसं, स्वतःलाच हसत. त्याचं कुठलंही प्रकरण काढावं आणि वाचावं. माझ्या आईला शेवटच्या वर्षात मी हेच वाचून दाखवत होते आणि ती मध्येच म्हणायची, थांब, ते परत वाच, आणि मग स्वतःचं काहीतरी सांगायला लागायची जे आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. पुस्तक बाजूलाच राहायचं मग. तसं झालं तर होऊ दे.

फक्त फणस चालू असताना पुस्तक जवळ घेऊ नकोस. हाताला खोबरेल लावलेलं असतं आणि तरीही चीक लागतोच, आणि चिकाने दोन पानं एकमेकांना धरली की ती फाटतात पण सुटत नाहीत. आमच्याकडे दरवर्षी जूनमध्ये एक-दोन तरी अशी यायची आणि आणणारा शपथेवर सांगायचा की नेलं तेव्हाच अशी होती.

मुलाचं. हातात देऊ नकोस. "हे वाच, छान आहे" असं आईने म्हटलं की त्या पुस्तकाचं तिथेच वाटोळं झालं. गाडीत जाताना तू मोठ्याने नारळीकरांची एक कथा वाच, 'गंगाधरपंतांचे पानिपत', अनुक्रमणिकेत ही कथा बघूनच संग्रह उचल. पानिपत मराठे जिंकले असते तर, अशी कल्पना आहे. इतिहास शिकलेल्या कुठल्याही पोराचे कान टवकारतात. आणि माणगावच्या ट्रॅफिकमध्ये अर्ध्यावर थांबव, घसा दुखतोय म्हण. पुढे काय झालं ते त्याचं त्याला बघू दे. त्याला हेही सांग की जयंत नारळीकरांनी पहिली विज्ञानकथा मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला पाठवली ती खोट्या नावाने, नारायण विनायक जगताप, आपलीच आद्याक्षरं उलटी करून, आणि बक्षीस मिळालं. एवढा जगप्रसिद्ध शास्त्रज्ञ, पण मोठ्या नावाकडे बघून नंबर द्यायला नको म्हणून. मुलांना असलं फार आवडतं.

भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे आठवीच्या मुलाला थोडा लहान वाटेल असं तुला वाटेल, मला नाही वाटत. फुरसुंगीचा काटकुळा बनेश, सायकल, आणि काही घडलं की तोंडाने ट्टॉक. त्यात चोर पकडायला मोबाईल नाही, हीच त्याला गंमत वाटेल. दोन पुस्तकं झोपाळ्यावर टाकून ठेव आणि विसरून जा, तिसऱ्या दिवशी कंटाळा आपलं काम करतो. कंटाळ्यावर विश्वास ठेव, आपणही सगळे कंटाळूनच वाचक झालो. नाही वाचलं तर नाही वाचलं, बारा दिवस विहिरीत पोहला तरी फुकट गेले असं नाही. निघायच्या आधी बालभारतीच्या 'किशोर' मासिकाचे जुने अंक डाऊनलोड करून ठेव हवं तर, १९७१ पासूनचं मासिक आहे आणि जुने अंक नेटवर फुकट मिळतात, मिस्टर पण बघत बसतील.

मिस्टरांचं तू काहीच विचारलं नाहीस. त्यांच्यासाठी जुने दिवाळी अंक घे. चेष्टा नाही करत, दिवाळी अंक वाचायचा खरा महिना मे. दिवाळीत कुणाला वेळ असतो, फराळ, पाहुणे, ऑफर बघण्यात जातो, आणि मार्च-एप्रिलमध्ये तेच अंक रद्दीवाल्याकडे आणि जुन्या पुस्तकांच्या फुटपाथवर पडत्या भावात मिळतात. त्यात कथा, प्रवास, व्यंगचित्रं, राशीभविष्य, सगळं असतं. राशीभविष्य तर जुनंच वाचावं, खरं ठरलं का ते बघता येतं. १९०९ मध्ये का. र. मित्रांनी 'मनोरंजन'चा पहिला दिवाळी अंक काढला तेव्हापासून आपल्याकडे ही चैन आहे, इतकी स्वस्त चैन दुसरी नाही. आणि खराब झाला तरी जीव जळत नाही, त्यावर फणस कापा खुशाल.

बरं, ही सगळी माझी पुस्तकं झाली, तुला तुझी निवडता यायला पाहिजेत. एक युक्ती सांगते, आमच्या धंद्यातली. वाचनालयात गेलीस की पुस्तकाचं पहिलं पान नाही, शेवटचं पान बघ. तिथे तारखांची चिठ्ठी चिकटवलेली असते, जुन्या प्रतींना अजून आहे जरी आता सगळं कॉम्प्युटरवर झालं तरी. चिठ्ठी भरून तिच्यावर दुसरी चिकटवलेली असेल तर डोळे मिटून घे. पुरस्कार कुणी दिला, मागच्या कव्हरवर कुणी काय कौतुक केलं ते राहू दे, शंभर माणसांनी ते पायपीट करून नेलंय आणि त्यातल्या कुणीतरी दुसऱ्याला सांगितलंय, म्हणून ते परत परत गेलंय. तारखा पण बघ. एप्रिल-मेचे शिक्के जास्त असतील तर ते उन्हाळ्याचं पुस्तक आहे, सरळ हिशोब. मला असे शिक्के बघून कुठल्या घरी पाहुणे आलेत ते कळायचं.

नवीन विकत घेत असशील तर दुकानात उभ्याने मधलंच कुठलं तरी पान काढ आणि वाचायला लाग. दोन पानांनंतर तू भिंतीला टेकलेली असशील, नाहीतर बसायला स्टूल शोधत असशील, तर ते तुझं. घड्याळ बघितलंस तर ठेवून दे. मग एका हातात धरून दोन मिनिटं डोळ्यांसमोर ठेव, मनगट दुखलं तर तेही ठेव. सासूबाईंना अधूनमधून स्वतः बघावंसं वाटेल म्हणून त्यांच्यासाठी मोठा टाइप आणि पिवळट कागद बघ, चकचकीत पांढऱ्या कागदावर ऑपरेशन झालेल्या डोळ्यांना चमक मारते, माझ्या आईची हीच तक्रार असायची. आणि पुस्तकं गाडीच्या मागच्या काचेपाशी रचू नकोस, उन्हाने बांधणीचा डिंक सुटतो, मग रत्नागिरी जिल्ह्यात उतरेपर्यंत पानं सुटी.

किती न्यायची? चार. बारा दिवसांत तू दोन वाचशील, एक अर्धं होईल, आणि चौथं घरातलं कुणीतरी पळवेल. चुलत जाऊ येणार असेल तर तीच. कमी पडली तर तिकडेही वाचनालयं आहेत, कोकणाला त्या बाबतीत कमी समजू नको, रत्नागिरीचं नगर वाचनालय १८२८ सालचं आहे, मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय त्यानंतर सत्तर वर्षांनी निघालं.

त्या ५२ आठवड्यांच्या ग्रुपचं काय करायचं ते तूच बघ. मी असते तर बारा दिवस म्यूट केला असता, तसंही रेंज नाही. बँकेत टार्गेट आहेत तेवढी पुरेत गं, लोळायला पण टार्गेट कशाला. एक पुस्तक दोनदा वाचलंस तर ते कुठल्या आठवड्यात धरणार?

भिलार. महाबळेश्वर-पाचगणीच्या वाटेवरच आहे, स्ट्रॉबेरीचं गाव, ४ मे २०१७ ला त्याचं पुस्तकांचं गाव झालं. जरूर थांबा, पण दुकान समजून जाऊ नका. लोकांनी घरातल्या खोल्या दिल्यात, एका घरी कादंबऱ्या, एका घरी कविता, एका घरी बालसाहित्य असं, आणि तिथेच बसून वाचायचं, घरी न्यायचं नाही. त्यामुळे पाऊण तासात सगळी घरं बघून फोटो काढून निघालात तर काहीच हाती लागणार नाही. एकच घर निवडा, सासूबाईंना खुर्ची मिळेल असं, आणि दोन तास बसा. पोलादपूरकडून आंबेनळी घाट चढायचा म्हणजे वळणं भरपूर, घाटात पुस्तक बंद, मुलगा वाचत असलाच तरी बंद कर, नाहीतर आमरस बाहेर येईल.

आणि सासूबाईंचा चष्मा, जवळचा, दोन जोड घे. एक गावाला पोचल्यावर पहिल्या तासात हरवतो.